मागच्या भिंतीवरची काजळी

मी वडीगोद्री सोडली त्या सकाळी बँड वाजला नव्हता. हे वाक्य पहिल्यानेच लिहावे लागते, कारण माझा पुतण्या प्रकाश जिथे चार माणसे जमतील तिथे सांगतो की, काका आखातात निघाले तेव्हा अर्धे गाव हमरस्त्यावर लोटले होते, हार पडले, बँड लागला. प्रकाश त्या वेळी सहा वर्षांचा होता आणि गोवर निघाल्यामुळे घरात गोधडीखाली होता. रस्त्यावर आम्ही पाचच होतो: माझे वडील, माय, पत्नी शांता, तिच्या कडेवरची आमची सुनंदा आणि मी. औरंगाबादेकडे जाणारी एसटी हात करूनही थांबली नाही. अखेर सरकीची पोती भरलेल्या एका ट्रकवाल्याने मला केबिनमध्ये घेतले. नवा शर्ट, नवे बूट, मांडीवर पत्र्याची पेटी अशा थाटात मी परदेशी निघालो, आणि पाचोडपर्यंत त्या ट्रकवाल्याचा म्हातारा सासरा माझ्या खांद्यावर डोके टाकून घोरत होता.

माय म्हणाली, "चिठ्ठी जल्दी टाक, न्हाई तर जीव टांगून ऱ्हाईल." ट्रक हलू लागल्यावर पायरीला हात लावून वडील म्हणाले, "तिथं तुला आडनाव कोनी इचारणार न्हाई, बाबा. लई झालं तेवढं."

आम्ही छप्पनच्या दीक्षेनंतरचे बौद्ध. माझ्या वडिलांचे निम्मे आयुष्य पाणी मागण्याआधी आडनाव सांगण्यात गेले होते. त्यांना वाटले, तेलावर श्रीमंत झालेल्या राजाच्या देशात असले प्रश्न उरत नसतील. वडील निम्मेच बरोबर निघाले. माझे आडनाव तिथे कोणी विचारले नाही. मात्र तिथल्या लोकांच्या आपसांत ते फाटकाफाटकावर विचारले जात होते, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

त्या देशाचे नाव मी लिहीत नाही. भीतीने नव्हे. नाव लिहिले की आपल्याकडचे वाचक पुढचे वाचत नाहीत. त्यांना सोने आणि काचेचे मनोरे दिसू लागतात. मला तिथल्या एका सरकारी वसाहतीतील स्वयंपाकघरांविषयी लिहायचे आहे.

लिहिण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात आखातात राहून आलेल्या आणि अजून तिथेच असलेल्या आपल्या लोकांचा जालन्यात मेळावा झाला. प्रकाश आता त्याच देशात एका मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक आहे आणि सुट्टीवर आला होता. व्यासपीठावरून तो म्हणाला की, आमच्या काकांनी एका विधवेचे घर वाचवण्यासाठी राजाच्या अधिकाऱ्यासमोर राजीनामा फेकला आणि ताठ मानेने मायदेशी परतले. टाळ्या झाल्या. शाल आणली गेली. मी मागच्या रांगेतून उभा राहिलो आणि म्हणालो, "हे खोटे आहे. मी राजीनामा दिला नाही. त्यानंतर सात वर्षे मी तिथेच नोकरी केली." सूत्रसंचालकाला वाटले माझे काही ध्वनिक्षेपकाबद्दल म्हणणे आहे. शाल खुर्चीवर राहिली.

चहाच्या वेळी निवृत्त शिक्षक खरात गुरुजींनी मला गाठले. गेली पंधरा वर्षे हे गृहस्थ गावात सांगत आले आहेत की साळव्याला, म्हणजे मला, तिथून हाकलून दिले.

"मी म्हन्लो नव्हतो? राजीनामा-बिजीनामा काही न्हाई. शेखानं चूल इझवली तुमची!"

"गुरुजी, हाकललेल्या माणसाला सात वर्षं पगार देत न्हाईत."

"मंग राजीनामा बी न्हाई, अन् हाकललं बी न्हाई. मंग झालं तरी काय, साळवेसाहेब?"

गुरुजींनी आयुष्यात विचारलेला हा एकमेव बरा प्रश्न. त्याचे उत्तर मी इथे देतो. जे गावी राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे गेले त्यांच्यासाठीही.

जाण्यापूर्वी मी अंबड तालुक्यात घरकुलांच्या कामावर हंगामी ओव्हरसियर होतो. घर बांधून देणे हे त्यातले सोपे काम. ज्याला घर मिळाले तो त्यात राहतो की नाही, हे पाहणे कठीण. पत्र्याचे छप्पर उन्हाळ्यात भाजते, विहीर लांब पडते, शेजार मनाजोगता नसतो. अशा कारणांनी लोक नव्या घरात कडबा भरीत, शेळ्या बांधीत, आणि स्वतः जुन्या कुडाच्या घरात निजत. तपासणीच्या दिवशी मात्र सतरंजी अंथरून, भिंतीवर फोटो टांगून, पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहोत अशा चेहऱ्याने बसत. मी कोणाला काही विचारीत नसे. सरळ चुलीपाशी जाई. चुलीमागच्या भिंतीवर काजळी आणि दाराच्या चौकटीवर हाताच्या उंचीला तेलकट डाग, ही दोन्ही दिसली की घर वसले असे समजावे. एका बहाद्दराने आदल्या दिवशी तुराट्या जाळून भिंत काळी करून ठेवली होती. मी चौकटीवर बोट फिरवले, लाकूड कोरडे. "भिंत तेवढी जेवली वाटतं," मी म्हणालो. त्याची बायकोच आधी हसली. तालुक्यात माझ्या या परीक्षेला कोणी फसवू शकले नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. आजही तेवढ्यापुरता आहे.

त्या राज्यात मला एका सल्लागार कंपनीमार्फत घरबांधणी खात्यात घेतले गेले. तिथे नागरिकाचे लग्न झाले की तो सरकारी घरासाठी अर्ज करी, आणि त्याचा क्रमांक लागेपर्यंत त्याची मुले शाळेत जाऊ लागत. इकडे आपल्या लोकांना वाटते की खजिना भरलेला असला की घरे आपोआप वसतात. हा गैरसमज मी स्वतः घेऊन गेलो होतो. पैसा होता, जमीन होती, सिमेंट जहाजांनी येत होते. पण घरे शहरापासून दूर, उघड्या वाळवंटात बांधली गेली, आणि वाटप क्रमांकाने झाले. क्रमांकाला टोळ्या-कबिले कळत नाहीत. आजोबांच्या काळापासून ज्यांचे एका विहिरीवर पटले नाही ती घराणी भिंतीला भिंत लावून शेजारी आली. मग लोक आपसांत घरे बदलून घेऊ लागले. कागदावर एक, घरात दुसरा. कोणी आईचे जुने घर सोडीना आणि नव्याला कुलूप घाली. कोणी ते बाहेरच्या मजुरांना भाड्याने देई. आणि रांगेतला तरुण सासऱ्याच्या गच्चीवरच्या खोलीत पांढरा होई.

म्हणून नियम आला. ताबा मिळाल्यापासून वर्षाच्या आत राहायला जायचे. दोन तपासण्यांत घर ओस आढळले तर ते परत घेतले जाईल, पुढच्याला दिले जाईल, आणि ज्याने खोटे बोलून घर अडवले अशी नोंद होईल त्याला पुन्हा कधी मिळणार नाही. नियम वाईट नव्हता. प्रकाश त्याला जुलूम म्हणतो. प्रकाशने गच्चीवरच्या खोलीत पांढरे होणारे तरुण पाहिलेले नाहीत.

पण तपासणार कोण? त्यांचा माणूस आपल्या कबिल्याविरुद्ध लिहीना, आणि दुसऱ्याच्या कबिल्याविरुद्ध लिहिले तर ते वैर ठरे. म्हणून परका हवा होता, ज्याला त्या देशात मामा नाही, मेहुणा नाही, कोणाच्या लग्नात तोंड दाखवायचे नाही. मी दिवसभर सात-आठ खोल्यांचे व्हिला पाहून तिथे वस्ती आहे की नाही हे ठरवीत असे आणि संध्याकाळी सहा जणांच्या खोलीतील माझ्या पलंगावर येऊन बसत असे. मी शांताला मोठ्या तोऱ्यात लिहिले की, मी इथे लोकांच्या घरांचा निवाडा करतो. तिचे उत्तर आले, "अन् आपल्या घराचा निवाडा कोन करून राह्यलं?"

माझ्या आधीचे तपासनीस विजेचे मीटर पाहत. लोकांनी त्यावर तोड काढली होती. वीज जवळजवळ फुकट, तेव्हा रिकाम्या घरात एसी चालू ठेवून ते निघून जात. भर उन्हाळ्यात मी अशा घरांत शिरलो आहे, जिथे माणूस नाही, गादी नाही, आणि गारठ्याने अंगावर काटा येतो. मी खात्याच्या संचालकांना, ज्यांना तिथे मुदीर म्हणत, सुचवले की मीटर सोडा आणि स्वयंपाकघर पाहा. तेथे गॅसच्या शेगड्या होत्या हे खरे. पण वापरातल्या शेगडीवर, फरश्यांच्या सांध्यांत, कपाटाच्या मुठीवर तेल बसतेच. मुदीर तरुण होते, परदेशी शिकलेले, आणि त्यांना माझी कल्पना इतकी आवडली की तपासणीच्या छापील नमुन्यात स्वयंपाकघराचा स्वतंत्र रकाना आला. बंद घरे भराभर सापडू लागली. रांग हलली. अंबड तालुक्यातल्या चुलीने राजाचे खाते शहाणे केले, असे मी पत्रांतून लिहिले. ती पत्रे शांताने जपून ठेवली आहेत. मी ती वाचत नाही.

माझ्याबरोबर गाडी चालवायला आणि अरबी समजावून सांगायला मीरसाहेब म्हणून हैदराबादचे एक गृहस्थ होते. आपल्या मराठवाड्यावर निजामाचे राज्य होऊन गेलेले, त्यामुळे त्यांची दखनी मला आजोळच्या बोलीसारखी वाटे. त्यांना माझी परीक्षा पसंत नव्हती. प्रत्येक घरासमोर गाडी थांबवून ते म्हणत, "उतरो साळवे साब. लोगाँ बहू देखने कू जाते, तुम चूल्हा देखने कू जाते."

अशा एका घरात उम्म सालिम राहत होती. विधवा, दोन अविवाहित मुली. विधवांना घरे देण्याची तरतूद नवीनच झालेली होती आणि कित्येकांच्या डोळ्यांत ती सलत होती. मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातील शेगडीवरचा कारखान्याचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. फरशी आरशासारखी. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या. बाईने आम्हाला बसवले, खजूर आणि कॉफी दिली. मी कॉफी प्यालो आणि रकान्यात लिहिले: वापर नाही.

गाडीत बसताना मीरसाहेब म्हणाले, "साब, काफी गरम थी."

"थर्मासमध्ये सगळेच गरम राहते, मीरसाहेब."

"हौ. पर थर्मास में किधर से आई?"

मला वाटले, तपासणी आहे म्हणून जुन्या घरून भरून आणला असेल. अंबडला लोक सतरंज्या आणीत तसा. चार महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. तोच कागद, तीच फरशी, तीच गरम कॉफी. मी दुसऱ्यांदा लिहिले. नोटीस निघाली.

नोटीस बजावायला मीच गेलो, कारण असल्या कामाला मी कधी दुसऱ्याला पुढे केले नाही. त्या दिवशी समोरचा रस्ता पाण्याच्या नळासाठी खोदलेला होता, म्हणून मीरसाहेबांनी गाडी मागच्या बोळात घातली. मागचे लोखंडी दार उघडे होते. आत घराच्या आणि आवाराच्या भिंतीमध्ये पत्र्याची पडवी, तीन दगडांची चूल, तिच्यावर लोखंडी कढई उपडी घातलेली, आणि तिच्या पाठीवर उम्म सालिम भाकरीसारखी पातळ रोटी थापत होती. मागची भिंत कमरेपासून डोक्यापर्यंत काळी होती. मी हात लावलेल्या लोखंडी दारावर, अगदी हाताच्या उंचीला, तेलाचा जाड थर होता. ज्या खुणा मी आयुष्यभर शोधल्या त्या सगळ्या एका ठिकाणी होत्या. मी फक्त चुकीच्या बाजूने आलो होतो.

मीरसाहेबांनी तिला विचारले की, आत एवढे स्वयंपाकघर असताना ती इथे का बसते. ती हसली नाही, रागावलीही नाही. मीरसाहेब तिचे बोलणे मला सांगत गेले.

"वो बोल रई, मेहमानाँ बैठते उस छत के नीचे धुआँ करना? हमारे में कोई नहीं करता."

"मग दोनदा मी आलो तेव्हा सांगितले का नाही?"

मीरसाहेबांनी विचारले, तिचे उत्तर ऐकले, आणि माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वो बोल रई, ये पूछा कब? सीधा अंदर घुसा, बर्तन देखा, काफी पिया, गया. मैं समझी इनके मुल्क में ऐसाच रिवाज हुइंगा."

नोटीस माझ्या हातातच राहिली. या बाईचे घर जाणार होते, आणि ते तिच्या लबाडीने नव्हे, कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर चूल घराच्या आतच असते असे मानणाऱ्या एका शहाण्या ओव्हरसियरमुळे.

दुसऱ्या दिवशी मी मुदीरांसमोर उभा राहिलो. इथून पुढे प्रकाशची आणि माझी गोष्ट वेगळी होते. मी त्यांना सांगितले की माझा अहवाल चुकला आहे. हेही सांगितले की चूक एका घराची नसून रकान्याची आहे; मागच्या आवारात रांधणारी आणखी कुटुंबे असतील, आणि काहींची घरे माझ्या सहीने गेलेली असतील. मुदीर शांतपणे ऐकत होते. त्यांनी उम्म सालिमची फाईल उघडली आणि म्हणाले, "इथे एका ओळीची चूक आहे. ती एका ओळीने दुरुस्त होईल. बाकीच्या घरांत आता दुसरी माणसे राहतात, साळवे. त्यांना मी काय सांगू? तुमच्या इकाम्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे ना?"

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. आवाजात धमकी नव्हती. ते खरोखरच आठवण करून देत होते.

मी ती एक ओळ लिहिली. लेखनदोष, असे तिचे नाव. उम्म सालिमचे घर तिच्याकडे राहिले. पुढच्या छपाईत तो रकाना गुपचूप गळाला. कोणी काही फेकले नाही. ताठ मान वगैरे प्रकाशची भर आहे.

आणि गुरुजी, मी लाचही खाल्ली नाही. तुम्ही हळू आवाजात तेही सांगता, मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी मीरसाहेबांना म्हणालो की, परत घेतलेली काही घरे मागच्या बोळातून पाहू. पहिल्या दोन घरांच्या मागे काहीच नव्हते. वाळू, मोडका पाळणा, कोरी भिंत. माझे अहवाल खरे होते. हेही लिहून ठेवतो, कारण प्रकाशच्या कहाणीत सगळेच निरपराध असतात. तिसरे घर बू राशिदचे होते. पाण्याचा टँकर चालवणारा उंच, अबोल माणूस. घर गेले तेव्हा तो एक शब्दही बोलला नव्हता, आणि मी त्याच्या गप्प बसण्याला कबुली समजलो होतो. आता तिथे दुसरे कुटुंब होते. नव्या मालकिणीने मागच्या भिंतीला चुना दिला होता आणि तिच्यासमोर कपडे वाळत घातले होते. चुन्यातून काळे वर आले होते. दोन हात दिले असतील तरी वर आले होते.

"चलो साब," मीरसाहेब म्हणाले. "कुछ नहीं देखे."

"देखा, मीरसाहेब."

"देखे तो लिखो. नहीं लिखते तो नक्को देखो."

मी लिहिले नाही. मी सात वर्षे लिहिले नाही. माझी कारणे होती. सुनंदाचे शिक्षण चालू होते, वडील अंथरुणाला खिळले होते, आणि वडीगोद्रीला आमच्या नव्या घराचे जोते घातले होते. ही कारणे मी मांडतो, पण त्यांच्या आड उभा राहत नाही. वडील गेले तेव्हा मी तिथेच होतो. मायने फोनवर सांगितले, "शेवटाला तुझं नाव घेतलं बाबांनी. म्हन्ले, त्याला तिथं कोनी आडनाव इचारत न्हाई ना?" मी म्हणालो, "न्हाई माय, बिलकुल न्हाई." मग मी फोन ठेवला आणि कामावर गेलो. त्या दिवशी मी नऊ घरे तपासली. प्रत्येक घरात शिरल्यावर पहिल्यांदा विचारले, तुम्ही स्वयंपाक कुठे करता? लोकांना वाटले नवा नियम आला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी करार संपल्यावर मी परत आलो. परत येण्यात कसलीही कथा नाही. विमानतळावर सुनंदा होती. तिने मला आधी ओळखले नाही आणि मी तिला.

आता मी या घरात राहतो. दुमजली आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत, दारावर नावाची पाटी आहे आणि तिच्यावर आडनाव ठळक आहे, ते मुद्दाम. रस्त्यावरून जाणारे म्हणतात, साळव्याचे आखाताचे घर. ते बरोबरच म्हणतात. याच्या प्रत्येक भिंतीत त्या सात वर्षांतले गप्प बसणे आहे. मी कुठेही स्थिर बसत नाही. पुढच्या दारातून मागे जातो, मागून पुढे येतो. परिचितांकडे गेलो तर आत जात नाही, ओसरीवरच बसतो, आणि त्यांना वाटते म्हातारा गर्विष्ठ आहे. शांता म्हणते, "बसा की एका जागी. घर काय पळून चाल्लंय का?" तिने या घरातले आयुष्य माझ्याविना सुरू केले आणि माझ्यासह चालवले, तिला ते घर आहे. मला ते अजून तपासायचे राहिलेले घर वाटते.

मेळाव्यानंतर तीन दिवसांनी प्रकाश आला. रुसलेला होता. "काका, लोकांसमोर माझी इज्जत काढली तुमी." मी म्हणालो की इज्जत परत मिळवायची संधी देतो, आणि त्याच्यासमोर एक पत्र ठेवले. त्या खात्याच्या नावे होते. बू राशिदच्या घराबद्दलचा माझा अहवाल चुकीचा होता, मी ते पाहूनही कळवले नाही, आणि त्याच्यावरची खोटेपणाची नोंद काढावी, असे त्यात लिहिले होते. "हे तिथे नेऊन दे. हातोहात दे. मुलांना तरी घर मागता येईल."

त्याने पत्र दोनदा वाचले.

"काका, एवढ्या वर्षांनी? मुदीर बदलले असतील. त्या जुन्या लाइनी पाडून नव्या बांधायलेत म्हणतात."

"नोंद पाडत नाहीत."

"तुमी समद्यांच्या नजरेत चांगलेच हायेत ना? मंग कशाला उकरून काढून राह्यले?" मग त्याने पत्राची घडी घातली आणि खाली पाहत म्हणाला, "देनारा कोन, असं इचारतील. माझा इकामा पुढच्या महिन्यात हाय, काका. पोरीची धावीची परीक्षा हाय तिथं."

मी भांडायला उठलो होतो. सत्तरी उलटली तरी भांडणात मला शब्द कमी पडत नाहीत. पण त्याच्या तोंडचे कारण माझेच होते, महिन्यासकट, आणि मी पुन्हा खाली बसलो. शांताने आतून पाहिले आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. प्रकाश निघताना माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो रागाने ठेवला नाही, एवढे त्याने लक्षात ठेवावे. पुढे तो ही गोष्ट सांगणारच आहे, तर तेवढी तरी बरोबर सांगावी.

पत्र मी वडीगोद्रीच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवले आहे. पोच आलेली नाही. येईल असे मी धरून चालत नाही. म्हणून, मेळावा भरवणाऱ्यांनो, तुम्हाला माझी आठवण छापायची असेल तर हीच छापा, आणि घर म्हणजे काय हे माझ्यासारख्याला विचारू नका. मला एवढेच कळते की एक कुटुंब आपल्या घरात राहत होते आणि एका सरकारी कागदावर ते राहत नव्हते, असे माझ्या अक्षरात लिहिलेले आहे. ते तसे असेपर्यंत मला माझ्या घरात राहतो असे म्हणवत नाही. तेव्हा राहिलेला अहवाल इथे पुरा करतो.

वसाहतीतील चौथी गल्ली, टोकाचे घर, बू राशिदचे. आतले स्वयंपाकघर कोरे. मागच्या आवारात भिंतीवर काजळी, चुन्यातून वर आलेली. लोखंडी दारावर तेलाचे डाग दोन उंचींवर: एक मोठ्या माणसाच्या हाताचा, दुसरा माझ्या गुडघ्याच्या जरा वर, नुकत्याच चालू लागलेल्या लेकराच्या हाताचा. तपासनिसाने घरच्यांना काहीही विचारले नाही. घरात वस्ती होती.